मदत हवी आहे: एमसीसी (मोटर कंट्रोल) पॅनेलसाठी सिंगल कोर फ्लेक्झिबल कॉपर वायर, कोणती आणि किती जाडीची?

खटका_बडोदा
नमस्कार मंडळी. मकरपुरा जीआयडीसीत एक पॅनेल बांधायला घेतलंय, वायरची ऑर्डर सोमवारी द्यायची आहे. पॅनेल असं:

४१५ व्होल्ट एमसीसी, इनकमर (मुख्य येणारी लाइन) २५० अँपिअर एमसीसीबी (मोठा ब्रेकर). ५.५ किलोवॅटचे १० डीओएल (मोटर थेट पूर्ण व्होल्टेजवर चालू करणारे) फीडर, १५ किलोवॅटचे २ स्टार-डेल्टा (आधी स्टार, मग डेल्टा जोडणीत चालवणारे). कंट्रोल २३० व्होल्ट एसी, कंट्रोल ट्रान्सफॉर्मरवरून. पीएलसीचे (प्रोग्रॅमवर चालणाऱ्या कंट्रोलरचे) इनपुट-आउटपुट २४ व्होल्ट डीसी. इनकमरवर मीटरिंगचे सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर), सेकंडरी ५ अँपिअर. पॅनेल नंदेसरीला केमिकल प्लांटमध्ये बसणार.

पार्टीच्या स्पेसिफिकेशनमध्ये एकच ओळ आहे: "११०० व्होल्ट ग्रेड, एफआरएलएस, पीव्हीसी, फ्लेक्झिबल कॉपर." (एफआरएलएस म्हणजे आग न पसरवणारं, कमी धूर देणारं इन्सुलेशन.) डीलर म्हणतो हाउस वायरच घ्या, तीही आयएसआय मार्कची, गुंडाळीमागे स्वस्त पडते. प्रश्न असे:

१) हाउस वायर चालेल का?
२) पॉवर, कंट्रोल, सीटी आणि पीएलसीला कोणती साइज?
३) आलेला माल खरा आहे हे कसं तपासायचं?
४) एकूण किती मीटर मागवू?

तांबडी_तार
आधी पहिल्याचं. हाउस वायर आणि पॅनेलची वायर, दोन्ही आयएस ६९४ (पीव्हीसी वायरीचं भारतीय मानक) मध्येच बसतात, त्यामुळे नुसता आयएसआय मार्क बघून काही ठरत नाही. बघायचा तो कंडक्टरचा क्लास. आयएस ८१३० (कंडक्टरचं मानक) प्रमाणे क्लास १ म्हणजे एकच भरीव तार, क्लास २ म्हणजे थोड्या जाड तारांचा पीळ, क्लास ५ म्हणजे फ्लेक्झिबल आणि क्लास ६ त्याहून बारीक तारांची. पॅनेलला क्लास ५ हवी. दीडच्या (१.५ चौ.मिमी) वायरीत २२/०.३ (०.३ मिमीच्या २२ तारा) किंवा ३०/०.२५ अशी रचना दिसेल, अडीचच्या वायरीत ३६/०.३ किंवा ५०/०.२५, पाऊणच्या वायरीत २४/०.२.

हाउस वायर म्हणून विकली जाणारी काही मालिका क्लास २ ची असते, काही क्लास ५ ची. डीलरकडून डेटाशीट घ्या, क्लास लिहिलेला नसेल तर ती घेऊ नका. क्लास २ ची वायर चॅनेलमध्ये (वायरी ठेवायच्या पन्हाळीत) वळण धरून बसत नाही, आणि दाराच्या लूपमध्ये वर्षभर उघडझाप झाली की लगच्या (टोकाला दाबून बसवायच्या धातूच्या तुकड्याच्या) तोंडाशी एकेक तार तुटायला लागते. बाहेरून इन्सुलेशन साबूत दिसतं, म्हणून हा फॉल्ट शोधायला फार वेळ जातो.

आणि ११०० व्होल्टबद्दल: २०१० च्या आवृत्तीपासून आयएस ६९४ चा ग्रेड ४५०/७५० व्होल्ट आहे. ११०० हा जुना आकडा, कंपन्या अजून छापतात. ४१५ च्या पॅनेलला दोन्ही पुरतात, पण पार्टीच्या इन्स्पेक्टरने बोट ठेवायच्या आधी लेखी क्लॅरिफिकेशन घेऊन ठेवा.

दीड_अडीच
ऑर्डरमध्ये नुसतं "सिंगल कोर" लिहू नका, भरीव तारेची गुंडाळी येऊन पडेल. "सिंगल कोर, क्लास ५" असं लिहा. आणि हो, हाउस वायरची गुंडाळी बहुधा ९० मीटरची असते, इंडस्ट्रियलची १०० ची. डीलरचा "स्वस्त" भाव मीटरवर उतरवून बघा.

टेस्टबेंच
साइजचं बोलू. कॅटलॉगातला अँपिअरचा आकडा मोकळ्या हवेतल्या वायरीचा, ४० अंशांवरचा. तुमची वायर बंद पॅनेलमध्ये, भरलेल्या चॅनेलमध्ये असेल. उन्हाळ्यात बाहेर ४३-४४ झालं की आत ५५ सहज होतं. साध्या पीव्हीसीची मर्यादा ७० अंश, म्हणजे तापायला फक्त १५ अंश उरतात. ४० वर हेच ३० होते. करंटचा हिशोब वर्गमुळाने चालतो, म्हणून १५/३० च्या वर्गमुळाने, म्हणजे ०.७ ने गुणा. त्यावर चॅनेलमध्ये शेजारी सहा लोडेड सर्किट असली की आणखी ०.५७. कॅटलॉगात २० अँपिअर दाखवणारी अडीचची वायर इथे ८ वर येते. आयईसी ६१४३९ (पॅनेलचं आंतरराष्ट्रीय मानक) च्या तक्त्यातही ५५ अंशांवर, चॅनेलमध्ये अडीचला साधारण १० अँपिअरच धरलेत.

तुमच्या पॅनेलला मी हे देईन:

५.५ किलोवॅट डीओएल, फुल लोड ११ अँपिअर: ४ चौ.मिमी.
१५ किलोवॅट स्टार-डेल्टा, लाइन करंट २८ अँपिअर: एमसीसीबी ते मेन कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा स्विच) १०, तिथून मोटरच्या सहा टोकांना ६. डेल्टामध्ये प्रत्येक टोकातून लाइनच्या ५८ टक्के, म्हणजे १६ अँपिअर जातात. ओव्हरलोड रिले (जास्त करंटला मोटर बंद करणारा) या टोकांवर बसवला तर त्याची सेटिंगही १६ ची, २८ ची नाही. ही चूक इतकी सर्रास होते की मोटर जळेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.
कंट्रोल २३० व्होल्ट: दीड.
पीएलसी: पाऊण. अर्ध्याची करंटला पुरते, पण स्ट्रिपरने दोन तारा कापल्या गेल्या की उरतं काय? शिवाय ओढताना तुटते.
सीटी: अडीच, रिंग लगसकट.
दाराचं अर्थिंग: ६, हिरवी-पिवळी, बिजागरीवर भरवसा न ठेवता.

खटका_बडोदा
डीओएलला आम्ही नेहमी अडीचच वापरतो, ११ अँपिअरला चार जरा जास्त नाही का? आणि सीटीची वायर पॅनेलच्या आतच दीड-दोन मीटर आहे, तिला अडीच कशाला?

टेस्टबेंच
दहाही मोटरी एकदम चालणार नसतील आणि पॉवरच्या वायरी चॅनेलबाहेर, सुट्या बांधल्या असतील तर अडीच निभावते. तुमचा प्लांट चोवीस तास चालणार, म्हणून चार. दुसरंही कारण आहे. कॉन्टॅक्टर, ओव्हरलोड आणि एमसीबीची बरीच उष्णता वायरीतूनच बाहेर जाते. बारीक वायर लावली तर थर्मल (ओव्हरलोड) रिले ठरल्यापेक्षा आधी पडतो आणि सगळे रिलेला शिव्या घालतात.

सीटीचं: पॅनेलच्या आतल्या लांबीला दीडही पुरली असती. पण अडीचची तार मजबूत, सहज तुटत नाही, आणि चालू सीटीची सेकंडरी उघडी पडली तर टोकांवर जीवघेणा व्होल्टेज येतो. म्हणून अडीच, रिंग लग, आणि शॉर्टिंग लिंकचे डिस्कनेक्टिंग टर्मिनल. मीटर लांब कंट्रोल रूममध्ये असेल तर मात्र बर्डन (सीटीवर पडणारा भार) मोजाच. ५० मीटर अंतर, जाऊन-येऊन १००, अडीचच्या वायरीचे सुमारे ०.७४ ओहम. ५ अँपिअरवर १८.५ व्हीए नुसते वायरीत गेले. १ अँपिअरच्या सीटीवर हेच ०.७४ व्हीए.

नंदेसरी_रोड
नंदेसरी म्हणालात म्हणून सांगतो: उघडं तांबं नको, टिनचा मुलामा असलेलं घ्या. अमोनिया आणि हायड्रोजन सल्फाइड दोन्ही तांब्याला खातात. वायर लगपासून इन्सुलेशनच्या आतपर्यंत काळी पडते, मग लग कितीही आवळा, तो जोड गरम होतो. टिन्डचा रेझिस्टन्स थोडा जास्त, भावही जास्त, डिलिव्हरीला वेळ लागतो. आजच विचारून ठेवा.

रंगवाला
रंगावर कुणीच बोललं नाही. पार्टी भारतीय पद्धतीची असेल तर फेज लाल-पिवळी-निळी, न्यूट्रल काळी, कंट्रोल करडी. मशीनच्या आयईसी पद्धतीत पॉवर काळी, एसी कंट्रोल लाल, डीसी कंट्रोल निळी, न्यूट्रल फिकट निळी. म्हणजे एकीकडे काळी न्यूट्रल, दुसरीकडे काळी चालू फेज! एका पॅनेलमध्ये दोन्ही मिसळली तर दुरुस्तीला येणारा माणूस मरेल. ड्रॉइंगवर रंगाचा तक्ता मंजूर करून घ्या, मगच गुंडाळ्या.

दीड_अडीच
+१. आणि बाहेरून येणारी, मेन बंद केल्यावरही चालू राहणारी इंटरलॉकची सर्किट नारिंगी. हा एक रंग देशी पॅनेलमध्येही वापरावा असं माझं मत.

लगपंच
वायर कितीही चांगली घ्या, पॅनेल जळतं ते टोकाशी. क्लास ५ ची वायर लगशिवाय टर्मिनलमध्ये घालू नका, स्क्रूखाली तारा फाकतात आणि निम्म्याच पकडल्या जातात.

पिन लगची ८ मिमी नळी असेल तर वायर १० मिमी सोला, प्लॅस्टिकच्या कॉलरमध्ये दोनेक मिमी जातात. जर्मन डीआयएन रंगांत पाऊण करडा, एक लाल, दीड काळा, अडीच निळा, चार परत करडा. दुसऱ्या रंगसंगतीचे लगही बाजारात मिळतात, म्हणून पाकिटावरची साइज वाचा, रंगावर जाऊ नका. एका टर्मिनलमध्ये दोन वायरी घालायच्या तर जोड-लग वापरा, आणि दोन्ही वायरी एकाच साइजच्या.

टोकाला शिसं पाजून स्क्रूखाली देऊ नका. सोल्डर दाबाखाली हळूहळू पसरतो, काही महिन्यांत स्क्रू ढिला.

क्रिम्प केल्यावर ओढून बघा. टर्मिनलच्या चाचणीत दीडला ४० न्यूटनची ओढ देतात, म्हणजे ४ किलो, अडीचला ५०, चारला ६०. साधा स्प्रिंग काटा पुरे. दर नव्या पाकिटातले पाच लग ओढा. सुटले तर दोष बहुधा पंचच्या झिजलेल्या जबड्यात असतो.

टेस्टबेंच
तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. वायरीवर आयएस ६९४, सीएम/एल (आयएसआय लायसन्सचा) नंबर, साइज आणि एफआर-एलएसएच (आग न पसरवणारी, कमी धूर आणि हॅलोजनची) छापलेलं असावं. बीआयएसच्या अ‍ॅपवर लायसन्स नंबर टाकून कंपनी आणि साइज जुळते का बघा.

मग वजन. १०० मीटर अडीचमध्ये तांबं साधारण २.२ किलो, दीडमध्ये १.३३. इन्सुलेशन वेगळं. अडीचची अख्खी १०० मीटरची गुंडाळीच २ किलोच्या आत भरली तर वायर परत पाठवा. एक तार ब्लेडने खरवडा: आतून पांढरी निघाली तर तांब्याचा पत्रा चढवलेलं अ‍ॅल्युमिनियम आहे. टिन्ड वायर बाहेरून पांढरी, आतून लालच असते.

रेझिस्टन्स साध्या मल्टिमीटरने मोजू नका, प्रोबचाच रेझिस्टन्स त्यात मिसळतो. १० मीटर वायर कापा, करंट लिमिट असलेल्या डीसी सप्लायवरून १ अँपिअर सोडा आणि वायरीच्याच अंगावर, सप्लायच्या क्लिपांच्या आत, मिलिव्होल्ट मोजा. क्लास ५ च्या अडीचला २० अंशांवर कमाल ७.९८ ओहम प्रति किलोमीटर, म्हणजे १० मीटरवर ८० मिलिव्होल्टच्या आत. दीडला १३.३, म्हणजे १३३. टिन्डला मर्यादा थोडी वर. शॉपमध्ये ३५ अंश असतील तर वाचन सहा टक्क्यांनी जास्त येणारच, त्यावरून माल नापास करू नका. पार्टीला कागद हवा असेल तर एर्डा (विजेच्या सामानाची चाचणी करणारी संस्था) तुमच्या मकरपुऱ्यातच आहे, नमुना देऊन रिपोर्ट घ्या.

तांबडी_तार
मीटर काढायला ड्रॉइंगमधली टोकं मोजा आणि दोनाने भागा. समजा फीडरमागे ४० कंट्रोल वायरी निघाल्या, तर १२ फीडरच्या ४८०. सरासरी १.८ मीटर धरली की ८६४, दाराचे लूप आणि घट म्हणून १५ टक्के, झाले ९९४. दहा गुंडाळ्यांवर अडून बसू नका, अकरा घ्या. रंग वेगळे असले तर प्रत्येक रंगाचा हिशोब वेगळा.

खटका_बडोदा
खूप आभार. ऑर्डरचा मसुदा असा केलाय:

"सिंगल कोर, टिन्ड कॉपर, क्लास ५, आयएस ६९४, एचआर ८५ अंश, एफआर-एलएसएच. दीड करडी ११ गुंडाळ्या. पाऊण निळी ४. अडीच लाल-पिवळी-निळी-काळी, सीटी आणि डीओएल पॉवर. ६ आणि १० लाल-पिवळी-निळी. ६ हिरवी-पिवळी १."

८५ अंशांची (एचआर, म्हणजे उष्णता सोसणारी) घेतो आहे म्हणून डीओएलला परत अडीचवर आलो. बरोबर ना?

टेस्टबेंच
नाही. ५५ वर ७० च्या वायरीला १५ अंश मिळतात, ८५ च्या वायरीला ३०, म्हणून कागदावर करंट १.४ पट होतो हे खरं. पण वायर ८५ ला पोचली की ती उष्णता कॉन्टॅक्टरच्या टर्मिनलमध्ये शिरणार, आणि वर लिहिलेला थर्मल रिलेचा त्रास परत सुरू. एचआर घ्या, ती राखीव म्हणून. डीओएल पॉवर चारच ठेवा, अडीच फक्त सीटीला.

रंगवाला
पाऊण निळी आणि बी फेजही निळी? पीएलसीला करडीच घ्या, किंवा पार्टीकडून दुसरा रंग मंजूर करा.

खटका_बडोदा
दोन्ही दुरुस्त्या केल्या. डीओएल चार, पीएलसी करडी, अडीच फक्त सीटीला. टिन्डला डीलर तीन आठवडे सांगतोय, तोवर चॅनेल आणि डीन रेल लावून घेतो.