मदत हवी आहे : गोळीबाराखालची तुकडीची हालचाल छात्रांना कशी समजावावी?

सप्रेम नमस्कार. आर्वी तालुक्यातील एका गावच्या शाळेत मी एनसीसीच्या छात्रांना शिकवतो. दहा जणांच्या सेक्शनमध्ये (पायदळाच्या छोट्या तुकडीत) एलएमजी, म्हणजे हलकी मशीनगन, चालवणारा गट माऱ्याने शत्रूला दाबून ठेवतो आणि तेवढ्या अवधीत रायफल गट पुढची आड, म्हणजे आडोशाची जागा, गाठतो, हे मुलांना फळ्यावर पटते. नजरेपासूनची आड आणि गोळीपासूनची आड यांतील फरक तर शिवारातच दिसतो. उभी तूर माणसाला लपवते, परंतु गोळी अडवते ती धुऱ्याची जाड माती.

अडचण त्यापुढे आहे. चढाई करणारा गट शत्रूजवळ पोहोचला की एलएमजीचा मारा बाजूला वळवावा लागतो. उशीर झाला तर आपलेच जवान त्यात सापडतात, आणि घाई झाली तर शत्रू पुन्हा डोके वर काढतो. १९९९ च्या कारगिल युद्धात तोलोलिंग शिखराच्या उघड्या चढणीवर, रात्रीच्या अंधारात, हा मेळ कसा राखला असेल, असे एका छात्राने विचारले आणि मला समाधानकारक उत्तर देता आले नाही.

कामठीच्या गार्ड्स रेजिमेंटच्या प्रशिक्षण केंद्रातून घडलेले किंवा अन्य पलटणींतील निवृत्त जवान येथे असल्यास, आवाज पोहोचत नसताना इशारा कसा ठरवला जाई आणि लाकडी रायफलींवर त्याचा सराव कसा घ्यावा, हे कृपया सविस्तर सांगावे.