हिचला विंच खोचणाऱ्यांनो, गाडी एकदा नाकावर रुतवून बघा

चाकोरीबाहेर:
परवा ‘दोन_इंची’ यांनी लिहिलं, ‘विंच पुढे कायमचा बसवणं ही नुसती मिरवायची हौस. पिकअपला पुढे-मागे दोन इंची रिसीव्हर असला की पाळण्यातला विंच हवा तिकडे खोचा.’ खाली वाहवांची रांग. राहवलं नाही. (नवख्यांसाठी: विंच म्हणजे रुतलेली गाडी दोरानं ओढून काढणारी मोटर, रिसीव्हर म्हणजे गाडीच्या टोकाला बसवलेली हिचची चौकोनी नळी, आणि पाळणा म्हणजे विंच बसवलेली, त्या नळीत खोचून पिननं अडकवायची चौकट.)

मी तीन वर्षं पाळणाच वापरला. एक दिवस गाडी नाकावर रुतली. पुढचा रिसीव्हर चिखलाच्या वीतभर खाली. कोपरापर्यंत हात घालून नळीचं तोंड चाचपायचं, चिखल उपसायचा, तो परत भरायचा. मग ५० किलोचं धूड मांडीवर तोलून त्या नळीत सरकवायचं. पिन बसायला पाऊण तास, गाडी निघायला चार मिनिटं.

मागे लावायचा म्हणता, तर करंटचं काय? भर लोडला विंच ४०० अँपिअर खातो. बॅटरीपासून मागपर्यंत ५० चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल टाकलीत तरी जाऊन-येऊन १० मीटरमध्ये जवळपास दीड व्होल्ट गायब. आणि तिरकं ओढलं की पाळणा पहारीसारखा रिसीव्हरला पिळतो. माझ्या नळीच्या वेल्डिंगला केसाएवढी चीर गेली, धुताना दिसली. आता चॅसिसच्या दोन्ही पट्ट्यांना बोल्ट केलेली प्लेट, विंच बंपरच्या आड. विषय संपला.

दोन_इंची:
तुमचा संपला असेल. रुतलेला माणूस बहुतेक वेळा आल्या वाटेनं मागेच जातो, कारण मागची जमीन पायाखालची असते. तुमचा पुढचा विंच तुम्हाला त्याच चिखलात आणखी आत नेणार. शिवाय पुढच्या अ‍ॅक्सलच्याही पुढे ५० किलो बारा महिने टांगलेले. रिकाम्या पिकअपचा मागचा भाग मुळात हलका, त्यात स्प्रिंग बसले की गाडी नाक खाली घालून चालते. एअरबॅगच्या सेन्सरसमोर लोखंड आणून ठेवलंत ते वेगळंच.
आणि पाऊण तास? रुतण्याआधी खोचायचा असतो हो.

पोलादी:
दोघेही चूक. आड लपवलेल्या विंचचा दोर गुंडाळायचा ड्रम दिसतो का? दोर एका कडेला ढीग करून बसला तर कळणार कधी, केसिंग फुटल्यावर? उघडा लोखंडी बंपर घ्या, चॅसिसला बांधा आणि त्यावर वायररोप. ते प्लॅस्टिकचे नाडे नकोत.

रेशीमगाठ:
आले वायररोपवाले! तळहातात तारेची कुसळं घुसून पिकली की आठवतो का नाडा? सिंथेटिक दोर पाण्यावर तरंगतो, एका हातात उचलतो, आणि तुटला तर तारेसारखा सपकन अंगावर येत नाही.

पोलादी:
हातमोजे नावाची वस्तू असते. आणि तुमचा दोर तुटतोच मुळी! वाळू धाग्यांत शिरून आतून कापत राहते. उन्हानं कडक होतो. दीडशे अंशाच्या आसपास वितळतो, आणि बऱ्याच विंचचा ब्रेक ड्रमच्या पोटातच. उतारावर लोड घेऊन सोडत आलो, खालचा थर चिकटून त्याची कांडी झाली. माझ्याच गाडीवर.

रेशीमगाठ:
म्हणजे वापरता येईना आणि दोष दोराला. खालच्या थराला उष्णतारोधक बाही घातली होती? दोर बाहेर येतो त्या तोंडाशी तारेचा रोलर काढून गुळगुळीत हॉज (न फिरणारी खाच) लावला होता? की तारेनं चरे पाडलेल्या त्याच रोलरवरून नवा दोर ओढलात?

पोलादी:
रोलर तोच होता. पण तो मुद्दा नाही.

रेशीमगाठ:
तोच मुद्दा आहे!!

वाटाड्या:
अहो, धागा विंच कुठे बसवायचा याचा होता. लोक आधी विंच घेतात, मग जागा शोधतात. भरलेली गाडी २,९०० किलो असेल तर दीडपट धरून साधारण ९,५०० पौंडांचा विंच लागतो, आणि तो आकडाही ड्रमवरच्या पहिल्या थराचा. वरच्या प्रत्येक थराला ओढ कमी होते. तेव्हा दोर जास्त सोडा, नाहीतर स्नॅच ब्लॉक, म्हणजे दोर फिरवून परत गाडीकडे आणायची कप्पी, लावा. ओढ दुप्पट, वेग निम्मा. मात्र विंचला दुप्पट केलंत म्हणून पिन आणि नळी दुप्पट होत नाहीत. दोन_इंची, तुमच्या रिसीव्हरवर किती लिहिलंय ते वाचलंत का कधी?

दोन_इंची:
आठ वर्षं वापरतोय. काही झालेलं नाही.

चाकोरीबाहेर:
चीर पडेपर्यंत माझंही काही झालं नव्हतं. मागे निघण्याचा तुमचा मुद्दा मात्र मान्य, घ्या, ओवाळतो. मागे फक्त सरळ ओढीसाठी पाळणा ठेवायला माझी ना नाही. तिरकी ओढ असेल तर चॅसिसवरूनच. आणि तो पाळणा मागच्या सीटवर मोकळा ठेवू नका, जोरात ब्रेक लागला की तोच आधी पुढे येतो.

पोलादी:
तुटली तर उसळू नये म्हणून तारेवर ओलं पोतं टाकायला विसरू नका, एवढंच सांगतो. नाडेवाल्यांनीसुद्धा.

रेशीमगाठ:
आम्हीही टाकतो. तुम्हालाच वाटतं आम्ही काही वाचत नाही.

दोन_इंची:
आत्ता टॉर्च घेऊन गाडीखाली गेलो होतो. वेल्डिंग शाबूत आहे, कळवतो. पिन काढायला मात्र हातोडी लागली. थोडी वाकलीय. थोडीच.