शेजाऱ्याला आधी कळवलं तर बिघडतं काय?

कोथरूडकर: काल इथं एकानं लिहिलं की बांधकाम परवानगीच्या अर्जाची शेजाऱ्याला माहिती देणं म्हणजे खंडणीला आमंत्रण. वाचून डोकं तापलं म्हणून सविस्तर लिहितोय. संमती घ्या असं कुणीच म्हणत नाहीये, फक्त कळवा. आमच्या शेजारचा बंगला पाडला ते आम्हाला कळलं पोकलेन आल्यावर, खोदाई पार कंपाउंडला चिकटून, पहिल्याच पावसात भिंत बसली आणि ऑफिसात गेलो तर म्हणे प्लॅन केव्हाच पास झालाय, आता कोर्टात जा. नकाशात साइड मार्जिन, म्हणजे हद्दीपासून सोडायची मोकळी जागा, बरोबर होतं, जागेवर हद्दच आमच्या बाजूला सरकवून धरली होती. अर्जाच्या वेळीच विचारलं असतं तर हद्दीचा जुना दगड दाखवला असता. डीपीत, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात, किरकोळ फेरबदल करायचा तरी एमआरटीपी या राज्याच्या नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली हरकती मागवतात, मग भिंतीला भिंत असलेल्या माणसाला साधं पत्र का नाही? इंग्लंडात शेजाऱ्यांना म्हणणं मांडायला २१ दिवस देतात.

सिव्हिलवाला: इंग्लंड राहू द्या. इथं पत्र गेलं की हरकत येणार, हरकत आली की फाईल बाजूला. कायद्यात ६० दिवसांत निर्णय नाही तर परवानगी मिळाली असं धरतात, पण त्या भरवशावर बँक कर्जाचा हप्ता सोडत नाही. माझ्याकडे एक निवृत्त शिक्षक होते, शेजाऱ्याने नुसत्या खिडकीवरून अर्ज टाकला आणि मग मागे घ्यायचे पैसे मागितले, सर भाड्याच्या घरात राहून थकले. तुमची भिंत पडली वाईट झालं, पण त्यासाठी सगळ्यांना शिक्षा नको.

अनघा_सातारा: मोजणीला लगतच्या खातेदारांना नोटीस जातेच की, मग प्लॅनला का नको?

बांधावरून: ताई, मोजणीच्या नोटिशीचं नाव काढू नका. मोजणी झाल्यावर नोटीस हातात पडली आमच्या, पोस्टमनचा शिक्का दोन दिवस नंतरचा. मोजणीदार खुणा रोवून गेला, बांध आमच्यात आला, आता फेरमोजणीचे पैसे आम्हीच भरायचे.

अनघा_सातारा: आमच्यात तर तातडीचे पैसे भरून तारीख मिळेना. आणि मोजणीदार आला तो चुलत्यांच्या घरी जेवून आला!

सिव्हिलवाला: बघा, नोटीस असूनही हेच. म्हणजे नोटिशीने काही होत नाही.

कोथरूडकर: नोटीस उशिरा दिली म्हणून नोटीसच बंद करायची? बिल्डरची कामं करणारे असंच बोलणार.

सिव्हिलवाला: माझ्या धंद्यावर घसरू नका. मी बिल्डरची नाही, दोन-तीन गुंठेवाल्यांच्या घरांचे नकाशे काढतो, तुमच्यासारखे बंगलेवाले माझ्याकडे येत नाहीत.

म्हापशेकर: गोव्यात इमारत सोडा, झोनच बदलतो, म्हणजे शेताची जमीन बांधकामाची होते. तिथल्या नगररचना कायद्याच्या कलम ३९ए खाली हरकतींना तीस दिवस देतात, पण ते राजपत्रात नि पेपरात, शेजारच्या शेतवाल्याला घरी कोण सांगतो? त्याआधीच्या कलम १७(२)मध्ये तर लोकांना विचारायची सोयच नव्हती, ते नियम हायकोर्टाने २०२५ मध्ये रद्द केले. डोंगर कापून झाल्यावर हरकत घेऊन करायचं काय?

बांधावरून: आमच्याकडे तर गावात ३२०० चौरस फुटांपर्यंतच्या बांधकामाला नगररचना खात्याकडे जायचंच नाही, ग्रामपंचायतच बघते. आणि बॉडी कुणाच्या बाजूची असते ते सगळ्यांना माहीत आहे.

सिव्हिलवाला: ठीक आहे, हद्दीपुरती हरकत मान्य करतो. १५ दिवसांत, स्वतःच्या मोजणीची क प्रत, म्हणजे मोजणी खात्याचा हद्दीचा नकाशा, जोडून. नाही आली तर फाईल पुढे. पण उजेड, वारा, खिडकीतून दिसतं असल्या तक्रारी मी कधीच मान्य करणार नाही.

कोथरूडकर: हद्दीचं मान्य केलंत तेवढं पुष्कळ, पण क प्रत कुठून आणू १५ दिवसांत? वर अनघाताईंना तातडीचे पैसे भरून तारीख मिळत नाहीये. जुना नकाशा आणि जागेवरची पाहणी चालली पाहिजे, दोघांच्या समोर. आणि उजेडाचं म्हणाल तर माझ्या आईच्या खोलीत आता दुपारी दिवा लावावा लागतो, ती तक्रार मी करणारच.