मॉलमध्ये ज्वारीचं कौतुक, मग रेशनवर का नको?

माणदेशी_गडी
भारताच्या प्रस्तावावरून २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं. त्याच वर्षी अर्थसंकल्पात ज्वारी-बाजरी-नाचणीला 'श्री अन्न' म्हटलं गेलं आणि जी-२०च्या मेजवानीत राळ्याचे पदार्थ वाढले गेले. पुढे काय झालं? शहरात नाचणीची बिस्किटं, ज्वारीचे पफ, बाजरीचा पास्ता. पाकिटामागचे घटक वाचा, बऱ्याच बिस्किटांत पहिलं नाव मैद्याचं किंवा गव्हाचं असतं. नाचणी नावापुरती.

२०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्य १ रुपया किलोने देण्याची तरतूद होती. आता तर रेशनचं धान्य फुकट आहे. पण दुकानात मिळतो तो गहू-तांदूळ, ज्वारी आलीच तर कधीमधी. कर्नाटक दक्षिणेत नाचणी आणि उत्तरेत ज्वारी रेशनवर देतं. आपल्याकडे मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, आणि सोलापूरच्या रेशनकार्डावर पंजाबचा गहू! सोलापूर, बीड, धाराशिवमध्ये सरकारने तिथलीच ज्वारी घ्यावी आणि तिथेच रेशनवर, अंगणवाडीत द्यावी, असं माझं म्हणणं. कोणाला पटत नसेल तर बोला.

भुसार_आडत
पटत नाही. २०२५-२६चा हमीभाव मालदांडी या रब्बीच्या ज्वारीला ३७४९ रुपये आणि संकरितला ३६९९. क्विंटलमागे फरक फक्त ५० रुपयांचा. बाजारात मात्र पांढरी टपोरी मालदांडी आणि पावसात भिजलेली खरिपाची संकरित यांच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. मग सरकारी केंद्रावर कोणती येणार? काळी पडलेलीच. १९७२च्या दुष्काळात अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी खाल्लेल्यांना विचारा, ते अजून तोंड वाकडं करतात. सरकारी ज्वारी म्हटलं की लोकांना तेच आठवतं. वर ज्वारीला कीड लवकर लागते. आमची गोदामं आम्ही जपतो, सरकारी गोदामांबद्दल न बोललेलं बरं.

कोरडवाहू
आडतवाले, तुम्ही ज्वारीला भाव सांगताय, आम्ही ती पेरतो कडब्यासाठी. दाणे घरी खायला, उरले तर बाजारात. दारात जनावर नसेल तर ज्वारीचं गणित बसतच नाही. आणि रब्बीची ज्वारी उपटायला माणसं आणायची कुठून? हार्वेस्टर घातला तर कडब्याचा चुरा होतो. म्हणून आमच्याकडे पाणी आलं की लोक ऊस लावतात, नाही आलं तर हरभरा. काढणीचं चांगलं यंत्र द्या, रेशनचं मग बघू.

चुलीपुढची
सगळे पुरुष बोलले. भाकरी थापणार कोण? 😀 रेशनचा गहू दळून आणला की चपात्या सकाळी करून डब्यात देता येतात, दुपारपर्यंत मऊ राहतात. भाकरीला तव्याजवळ उभं राहावं लागतं, विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेलं पीठ असेल तर कडा फाटतात. बाजरीचं पीठ चार-आठ दिवसांत कडू होतं, म्हणजे गिरणीच्या फेऱ्या वाढल्या. मजुरीला जाणारीने हे कधी करायचं?

दुसरं, ज्या बिस्किटांना तुम्ही हसताय तशी नाचणीची बिस्किटं आणि लाडू आमचा बचत गट विकतो. मैदा आम्हीही घालतो, नुसत्या नाचणीचं बिस्कीट हातातच भुगा होतं. त्यावर चार बायकांचं घर चालतं.

तिसरं, जरा कडू आहे. आमच्या सासूबाईंच्या काळात गव्हाची पोळी सणाला व्हायची. आता गरिबाच्या ताटात रोज गहू आला, तर शहरातल्या लोकांना त्याने ज्वारीच खावी असं का वाटायला लागलं?

माणदेशी_गडी
ताई, गहू बंद करा असं मी कुठे म्हटलं? कार्डावर पर्याय द्या. ज्याला गहू हवा त्याने गहू घ्यावा. आणि मी शहरातला नाही, आटपाडीचा आहे.

आडतवाले, काळी ज्वारी येईल हे खरं, पण तो दोष प्रतवारीचा आहे. गव्हालाही निकष लावतातच ना? ओडिशात २०१७ पासून भरडधान्यांची मोहीम चालू आहे. तिथे सरकार आदिवासी भागातली नाचणी विकत घेतं, ती रेशनवर येते आणि अंगणवाडीत तिचे लाडू मिळतात. तिथे जमतं.

भुसार_आडत
नाचणीचा २०२५-२६चा हमीभाव ४८८६ रुपये. ओडिशाच्या त्या डोंगरात व्यापारी तेवढे देत नव्हता, म्हणून लोक माल घेऊन सरकारकडे आले. मालदांडीला दर देणारा पुण्या-मुंबईचा गिऱ्हाईक आहे. तुमच्या योजनेत शेतकऱ्याने त्याला सोडून सरकारी केंद्राच्या रांगेत का उभं राहायचं? तेवढं सांगा.

माणदेशी_गडी
सगळा माल टपोरा नसतो म्हणून. तुमच्याच आडतीवर मधली प्रत कितीला जाते ते लिहा, मग बोलू.

कोरडवाहू
लिहायचे नाहीत ते. मी सांगतो. आवक वाढली की मधल्या प्रतीला हमीभावसुद्धा मिळत नाही. केंद्र काढलंत तर तो माल मी आणीन. पण पैसे पंधरा दिवसांत पाहिजेत आणि बारदान, म्हणजे पोती, तुमचं.