मदत हवी आहे: पॉइंटवरची सीट रद्द केल्यावर किंवा होल्ड संपल्यावर परत दिसते का?

नमस्कार. आई-बाबांच्या मुंबई–फ्रँकफर्ट–टोरंटो प्रवासाबाबत एक निर्णय घ्यायचा आहे. त्याआधी, रद्द झालेल्या किंवा मुदत संपलेल्या अवॉर्ड सीटचे (पैशांऐवजी माइल किंवा पॉइंट देऊन घेतलेल्या सीटचे) विमान कंपनीच्या आरक्षण यंत्रणेत नेमके काय होते, हे जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे.

मे महिन्यातील जाण्याचे बिझनेस वर्गाचे तिकीट मी माझ्या माइलवर (विमान कंपनीच्या खात्यात साठलेल्या पॉइंटवर), स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटातील एका कंपनीच्या सदस्य-कार्यक्रमातून काढले आहे. दोघे एकाच पीएनआरवर आहेत आणि तिकीट क्रमांकही मिळाले आहेत. सप्टेंबरमधील परतीच्या दोन सीट मात्र त्याच कार्यक्रमाने फोनवर होल्ड करून, म्हणजे तिकीट न काढता काही काळ राखून, दिल्या आहेत, कारण त्यांच्यासाठी लागणारे माइल मला बँकेच्या कार्डावरील पॉइंट वळवून आणावे लागतील. ते मी अजून वळवलेले नाहीत, कारण एकदा विमान कंपनीच्या खात्यात गेलेले पॉइंट बँक परत घेत नाही.

दरम्यान, मिसिसागाला राहणाऱ्या माझ्या भावाकडे एअर कॅनडाच्या एरोप्लॅन या सदस्य-कार्यक्रमाचे पुरेसे पॉइंट जमले आहेत. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये नव्या रूपात आल्यापासून एरोप्लॅन अवॉर्ड तिकिटावर विमान कंपनीचा अधिभार (करांखेरीज कंपनी स्वतः लावते ती जादा रक्कम) लावत नाही. विमानतळांचे कर आणि भागीदार कंपनीच्या विमानासाठी ३९ कॅनेडियन डॉलर शुल्क एवढेच घेते. माझ्या कार्यक्रमात तो अधिभार पूर्ण भरावा लागतो आणि बिझनेस वर्गात दोन माणसांचा मिळून तो चांगलाच जड होतो. म्हणून माझे तिकीट रद्द करून, होल्डही सोडून देऊन, त्याच विमानांतल्या त्याच सीट भावाच्या खात्यातून घ्याव्यात, असा विचार आहे.

अडचण अशी की सध्या या दोन्ही तारखांना एरोप्लॅनवर एकही अवॉर्ड सीट दिसत नाही, म्हणजे बहुधा आमच्याकडे असलेल्या सीट शेवटच्याच होत्या. कार्यक्रमाच्या प्रतिनिधींना फोनवर विचारले असता एकीने सांगितले की रद्द करताच सीट लगेच खुल्या होतात. दुसऱ्याने सांगितले की २४ तास लागतात. तिसऱ्याच्या मते रद्द झालेली अवॉर्ड सीट कायमची पैशांच्या विक्रीकडे जाते. तिघेही अगदी ठामपणे बोलत होते, हे विशेष. माझी समजूत रेल्वेवर घडलेली आहे: तिथे एकाने तिकीट रद्द केले की ती जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या माणसाकडे सरकते आणि ते त्याला दिसते. विमानात असा काही ठरलेला क्रम असतो का? शिवाय नुसती होल्ड केलेली सीट आणि तिकीट निघालेली सीट यांत यंत्रणेच्या दृष्टीने काही फरक आहे का?

पहिला प्रतिसाद

तिघांनीही आपल्याला चूक सांगितले असे नाही. तिघांनी तीन वेगवेगळ्या प्रसंगांतला अनुभव नियम म्हणून सांगितला.

अवॉर्ड सीट म्हणून विमानात वेगळी काढून ठेवलेली खुर्ची नसते. बिझनेस वर्गातल्या सगळ्या सीट एकाच साठ्यात असतात आणि त्या साठ्यावर अक्षरांनी ओळखले जाणारे विक्रीचे वर्ग रचलेले असतात. स्टार अलायन्सच्या भागीदारांसाठी बिझनेस अवॉर्डचा वर्ग ‘आय’, इकॉनॉमीचा ‘एक्स’ आणि फर्स्टचा ‘ओ’ हा आहे. प्रत्येक वर्गाला एक कमाल मर्यादा दिलेली असते, आणि त्या मर्यादेतून झालेली आरक्षणे वजा करून जे उरते तेच आपल्याला पडद्यावर दिसते. ही मर्यादा स्थिर नसते. विमान सुटायला किती दिवस उरले आहेत आणि पैशांची विक्री कशी चालली आहे, हे पाहून महसूल व्यवस्थापनाची यंत्रणा ती पुन्हा पुन्हा ठरवते.

आता आपल्या जाण्याच्या विमानाचे उदाहरण घेऊ. समजा, आपण तिकीट काढले तेव्हा ‘आय’ वर्गाची मर्यादा २ होती. ती आजही २ असेल, तर आपण रद्द करताच विकलेल्या सीट शून्य होतील आणि दोन्ही सीट लगेच दिसू लागतील. मधल्या काळात विक्री चांगली होऊन मर्यादा १ वर आली असेल, तर आपले तिकीट अबाधित राहते, पण रद्द केल्यावर एकच सीट परत दिसते. मर्यादा शून्य झाली असेल, तर दोन्ही सीट मोठ्या साठ्यात मिसळतात आणि फक्त महाग भाड्यांत विकल्या जातात. आज दिसणाऱ्या शून्यामागे यांपैकी कोणती स्थिती आहे, हे बाहेरून ओळखता येत नाही. विक्री ‘दोन’ आणि मर्यादा ‘दोन’ असली तरी शून्यच दिसते, विक्री ‘दोन’ आणि मर्यादा ‘शून्य’ असली तरीही शून्यच. म्हणून मे महिन्याचे तिकीट, हातात दुसरे काही नसताना, मी तरी रद्द करणार नाही.

आणखी एक गोष्ट. सीट परत आली तरी ती भागीदारांना दिसेलच असे नाही. लुफ्तान्साच्या फर्स्ट वर्गाच्या अवॉर्ड सीट भागीदार कार्यक्रमांना अनेक वर्षे साधारणपणे शेवटच्या दोन आठवड्यांतच दिसत असत, स्वतःच्या सदस्यांना मात्र त्याआधीही. काही कंपन्या प्रतीक्षा यादीही ठेवतात. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर कार्यक्रमाच्या सदस्यांना त्या कंपनीच्या अवॉर्ड सीटसाठी तशी सोय आहे. तिथे रद्द झालेली सीट आधी त्या यादीकडे जाऊ शकते आणि शोधणाऱ्याला ती दिसतही नाही.

दुसरा प्रतिसाद

होल्डबद्दल थोडेसे. सीट साठ्यातून कमी होण्यासाठी तिकीट निघावेच लागत नाही. पीएनआरमध्ये त्या विमानाची स्थिती ‘एचके’, म्हणजे निश्चित, झाली की सीट धरली गेली. फरक पुढे पडतो. भागीदार कंपनीचे विमान असेल, तर मुदती दोन असतात: एक आपल्या कार्यक्रमाने दिलेली आणि दुसरी विमान चालवणाऱ्या कंपनीने लावलेली. ती कंपनी ‘अमुक वेळेपर्यंत तिकीट क्रमांक कळवा’ असा संदेश पीएनआरमध्ये पाठवते. क्रमांक गेला नाही, तर तिची यंत्रणा आरक्षण स्वतःहून रद्द करते, मग आपल्या कार्यक्रमाच्या प्रतिनिधीने काहीही आश्वासन दिलेले असो. त्यामुळे होल्ड फोनवर सांगितलेल्या वेळेच्या आधीही जाऊ शकतो. प्रतिनिधीला हा संदेश वाचून दाखवायला सांगा. तो त्यांना दिसतो. (अमेरिकन एअरलाइन्स पूर्वी अवॉर्ड सीट ५ दिवस मोफत धरून ठेवू देत असे. ते दिवस आठवून हळहळणारे बरेच आहेत.)

नव्या सीट आधी घ्यायच्या आणि जुन्या नंतर सोडायच्या, हा मार्ग मोहक वाटतो, पण त्याच विमानावर त्याच नावाची दोन आरक्षणे झाली की दुबार आरक्षण शोधणारी यंत्रणा त्यांतले एक पाडते, आणि कोणते पडेल ते आपल्या हातात नसते. वेगळ्या तारखेला किंवा वेगळ्या मार्गाने घेतलेल्या सीटबाबत ही भीती बरीच कमी होते. एरोप्लॅनचे तिकीट २४ तासांच्या आत शुल्काशिवाय रद्द करता येते, तेव्हा ती मुभा वापरा. मात्र नुसता प्रयोग म्हणून दुसऱ्याच कुठल्या तारखेच्या सीट घेऊन सोडणे मला पटत नाही. त्या वेळात खरी गरज असलेला कोणी तरी शून्य पाहून परत जातो.

रद्द करण्यापूर्वी हेही विचारा की माइल खात्यात परत येताना त्यांची मूळ मुदत कायम राहते का. काही कार्यक्रमांत मुदत उलटून गेलेले माइल परत येतच नाहीत.

धागाकर्त्याचे उत्तर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. मर्यादा आणि विक्री या दोन आकड्यांतील फरक लक्षात आल्यावर तीन प्रतिनिधींच्या तीन उत्तरांचा उलगडा झाला. जाण्याचे तिकीट आहे तसेच ठेवत आहे. अधिभार भरून झाला आहे आणि आई-बाबांची मे महिन्यातील सोय त्यापेक्षा महत्त्वाची.

परतीचा विचार वेगळा आहे, कारण तिथे अजून काहीच खर्च झालेले नाही. ठरलेल्या तारखेच्या दोन दिवस नंतर म्युनिकमार्गे दोन बिझनेस सीट एरोप्लॅनवर दिसत आहेत. मुदत संपायच्या दिवशी सकाळी भाऊ त्या घेईल, म्हणजे त्याच्याकडे २४ तासांची मुभा असेल. मग होल्ड संपू देऊ आणि फ्रँकफर्टमार्गे सीट खुल्या झाल्या तर बदलून घेऊ. नाही झाल्या तर म्युनिक आहेच. बँकेचे पॉइंट यात कुठेही वळवावे लागत नाहीत.

प्रतिनिधीने आज पीएनआर वाचून सांगितले की विमान कंपनीची मुदत गुरुवारी रात्री २३.५९ आहे, पण ती वेळ फ्रँकफर्टची, भारताची की जागतिक प्रमाण वेळ (यूटीसी), हे तिला सांगता आले नाही. भावाने सीट नेमक्या कधी शोधायला बसायचे, ते यावर अवलंबून आहे. अशा संदेशातील वेळ कोणत्या ठिकाणची धरतात, हे कोणी खात्रीने सांगू शकेल का?