हेल्मेट घालतो पण पट्टा लावत नाही, कसं समजावू?

माझा धाकटा भाऊ रोज बाइकने जातो. हेल्मेट डोक्यावर असतं पण पट्टा नुसता लोंबकळत असतो, आणि जवळच जायचं असेल तर सरळ आरशाला अडकवून निघतो. म्हणतो मान दुखते, मागचं ऐकू येत नाही आणि पडलो तर हेल्मेटच्या वजनाने मानच मोडेल. हे मानेचं खरं आहे का हो? तो घरी येईपर्यंत जीव थाऱ्यावर नसतो माझा.

उत्तर 1
ताई, मानेचं खरं नाही. अमेरिकेत मोटारसायकल अपघातांच्या अभ्यासाचा 1981 चा हर्ट रिपोर्ट आहे, त्यात 900 अपघात जागेवर जाऊन तपासले होते, हेल्मेटवाल्यांना डोक्याच्या आणि मानेच्याही दुखापती कमीच झालेल्या. ऐकू न आल्यामुळे अपघात झाला असंही काही निघालं नाही. आणि "जवळच तर जायचंय" हे त्याला मुद्दाम सांगा, बरेचसे अपघात छोट्या कामासाठी निघालेले असताना, निघाल्यानंतर थोड्याच वेळात झाले होते. धडकेच्या वेळचा वेगही बहुतेक वेळा फार नव्हता, निम्मे अपघात तर ताशी 35 किमीच्या आतले.

उत्तर 2
पट्टा न लावता घालण्यात काही अर्थ नाही, पडताना हेल्मेट आधी उडून जातं आणि डोकं नंतर आपटतं. मी स्वतः ओल्या वळणावर घसरलो होतो, वेग अगदी कमी होता, फुल फेस, म्हणजे पूर्ण चेहरा झाकणाऱ्या हेल्मेटचा हनुवटीचा भाग पार खरवडून निघाला, तिथे माझा जबडा होता. ते हेल्मेट बाहेरून बऱ्यापैकी दिसत होतं तरी टाकून दिलं, कारण आतला थर्माकोल दबूनच मार झेलतो आणि एकदा दबला की परत फुगत नाही.

उत्तर 3
मान खरंच दुखत असेल तर त्याला रागावू नका, आधी साइज बघा. भुवयांच्या जरा वर टेपने डोक्याचा घेर मोजायचा. पट्टा लावून मागून वर-पुढे ओढून बघायचं, निघून आलं तर ते त्याचं हेल्मेट नाहीच. गाल थोडे दाबले गेले पाहिजेत, पण कपाळावर एकाच जागी टोचायला नको. सैल हेल्मेट वाऱ्याने हलतं, मग मान सारखी ताठ धरावी लागते.

प्रश्न विचारणारी
आत्ताच ओढून बघितलं, पट्टा लावूनही सहज निघालं. दोन साइज मोठं आहे. रविवारी त्याला घेऊनच जाते दुकानात.