मदत हवी आहे: सेकंडहँड पिकअप पेट्रोल फार पितेय

मंडळी, जुनी पेट्रोल पिकअप घेतलीय. ओढायला दमदार, पण ॲव्हरेज अगदीच रडकं. एअर फिल्टर, प्लग नवे टाकले. टायरमधली हवा बरोबर. जॅकवर चाकंही मोकळी फिरतात, म्हणजे ब्रेक धरत नाहीत. चेक इंजिन लाइट बंद आहे.

स्कॅनर लावला तर हायवेवरसुद्धा इंजिनचं तापमान ७० अंशांच्या वर जात नाही. थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत कूलंट अडवणारा व्हॉल्व्ह) उघडाच अडकला असेल का? इंजिन थंड समजून ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) जास्त पेट्रोल सोडतो, हे पटतं. पण लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोलच्या मात्रेत सतत करत असलेली दुरुस्ती) उणे १२ टक्के दाखवतोय, म्हणजे मिश्रण रिच (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) आहे आणि ईसीयू उलट पेट्रोल कापतोय. मग इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारा भाग) गळतोय की ऑक्सिजन सेन्सर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा) खोटं बोलतोय? मेकॅनिक थेट सेन्सरच बदलू म्हणतो (त्यांचं नेहमीचंच!). तपासल्याशिवाय मला ते नको. आधी काय बघू, आणि घरच्या घरी कसं?